भीमाप्पा आणि कन्या इंजिनिअरिंग वर्क्स

उद्यमनगर, कोल्हापूर
१२ जून

भूमिका,

बोलणार न्हाय म्हटलं हुतं, लिहिणार न्हाय असं म्हटलं नव्हतं. तवा शब्द मोडला असं कुणी म्हणायचं कारण न्हाय. मंगळवार पेठेतल्या आपल्या दारात उभा राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मी सांगिटलं हुतं की दुकान सोडून समुद्रावर निघालेल्या ह्या पोरीशी आता एक अक्षर बोलणार न्हाय. चार वर्षं पाळलंय. पुढंबी पाळीन.

लिहायचं कारण एवढंच, की तुझ्या होडीचं इंजिन माझ्या दुकानात हाय.

तू ते गुंडूकडं पाठवलंस. अख्ख्या उद्यमनगरात तुला गुंडूच गावला? दोस्त हाय माझा, माणूस सोन्यासारखा, पण त्याचं दुकान पंपाचं. इंजिन म्हटलं की तो आधी हातोडा शोधतोय. आणि दुकान कुठं, तर माझ्या बरोबर समोर. सकाळी मी शटर वर केलं तर समोर त्याच्या दारात, पार रस्त्यावर, दोन सिलिंडरचं बारकं इंजिन. मिठानं पांढरं पडलेलं. आणि गुंडू त्याचं हेड खोलतोय, तेबी चुकीच्या पान्यानं. मी बघून न बघिटल्यासारखं केलं. चहा मागवला. चहा संपेपर्यंत त्यानं एका नटाच्या कडा पार गोल करून टाकल्या. आता तूच सांग, कुठला माणूस गप बसंल? मी रस्ता ओलांडला, पाना त्याच्या हातातनं काढून घेतला, आणि इंजिन ट्रॉलीवर घालून हिकडं आणलं. तो नुसता हसला.

कुणाचं हाय म्हणून विचारलं. म्हणाला, रत्नागिरीच्या एका शिडाच्या होडीचं. होडीचं नाव विचारलं तर म्हणाला, 'चन्नम्मा'. मग मी दुसरा चहा मागवला.

आईचं नाव दिलंस ते बरं केलंस. बापाचं दिलं असतंस तर होडीनं कुणाचं ऐकलं नसतं.

तर इंजिन मी करतोय. तुझ्यासाठी न्हाय. डोळ्यासमोर चांगल्या इंजिनाची वाट लागलेली बघवत न्हाय, म्हणून.

भीमाप्पा


५ जुलै

भूमिका,

इंजिन चालू झालं. पण आधी बाकीचं सांगतो.

तुझी आई रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातनं तुला फोन लावती. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असतोय. ती तुझं एकेक वाक्य मोठ्यानं परत म्हणून दाखवती, जसं काय भांड्यांना ऐकवायचं हाय. म्हणून मला माहीत हाय की होडी तीस फुटी हाय, वयानं तुझ्यापेक्षा मोठी हाय, गोव्यात कुणी म्हाताऱ्यानं चिखलात सोडून दिलेली तू घेतलीस, आणि आता पावसाळाभर ती खाडीच्या काठाला लाकडी ठेप्यांवर उभी हाय. तू तिचं बूड घासतीस, वायरी बदलतीस, शिडं शिवून घेतीस. आणि दिवाळी झाली की एकटी तिच्यातनं कोचीनला, तिथनं लक्षद्वीपला जाणार हाईस. 'एकटी' हा शब्द तिनं दोनदा म्हटला. दुसऱ्यांदा मी पेपर खाली ठेवला.

मला उलटं काय सांगायचं असलं तर मी भिंतीकडं बघून बोलतोय. "त्या बाईला सांग, ऑइल खुणेच्या वर घालायचं न्हाय." मग आई फोनमधी सांगती, "ते म्हणतात, ऑइल खुणेच्या वर घालू नको." हसायचं काम न्हाय. शब्द तो शब्द.

इंजिनाचं असं, की आतल्या पाण्याच्या वाटा मिठानं गच्च. धूर बाहेर जायची कोपऱ्याची नळी तर हातात धरली आणि बिस्किटासारखी मोडली. ओतीव लोखंडाची, बीडाची हुती. हा भाग आता कुठं मिळत न्हाय. मुंबईच्या माणसानं सांगिटलं, नवीन इंजिनच घ्या. कोल्हापूरच्या माणसाला सांगतोय, नवीन घ्या. मी सागवानाचा साचा केला, फाउंड्रीत स्वतः उभा राहून गनमेटलचं ओतीव काढलं, आणि तुझ्या लेथवर लावलं. तू गेल्यापासनं त्या लेथला मी कुणाला हात लावू दिला न्हाय. तेलपाणी मात्र वेळच्या वेळी करतोय. अजून केसाचाबी फरक पडलेला न्हाय त्याच्यात.

मग पिंपातनं पाणी जोडलं आणि चालू केलं. पहिल्या फिरकीला लागलं. गुंडू गल्लीतली सगळी माणसं गोळा करून घेऊन आलता. मी हेडवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला. एक थेंब सांडला न्हाय. दहा-बारा जण पेल्याकडं बघत उभे हुते. असलं काम उद्यमनगरात दुसरं कोण करतंय ते मला दाखव.

ते सगळे गेल्यावर मी दुकानाच्या पाटीकडं बघिटलं. 'भीमाप्पा आणि कन्या इंजिनिअरिंग वर्क्स'. लोक अजून विचारतात, कन्या कुठाय. मी सांगतोय, साइटवर गेली हाय.

इंजिन टेम्पोत घातलंय. जपून उतरून घे.

भीमाप्पा


२९ जुलै

भूमिका,

सोलरच्या पाट्यांची चौकट परत आली. मिळाली म्हणून कळवतोय, बाकी काय म्हणायचं न्हाय.

न्हाय, म्हणायचं हाय. तुझी आई म्हणाली की जुन्या बॅटऱ्या काढून तू आता सोलर बसवणार, आणि मागच्या अंगाला चौकट पायजे. मापं तिनं डाळीच्या डब्याच्या झाकणावर लिहून घेतलीती. मी चौकट केली. दीड इंची जाड पाईप, चारी कोपऱ्यात तिरपे आधार, वेल्डिंग असं की हात फिरवला तर कळू नये जोड कुठाय. मग तालमीतनं दोन पैलवान बोलावले आणि वर उभे केले. चौकट हालली न्हाय. त्यातला एक म्हणाला, "काका, ह्याच्यावर हत्ती बांधणार हाय का?" मला लई बरं वाटलं.

आणि ती परत आली. आडव्या पाईपवर खडूनं लिहिलेलं, 'हलकं पायजे'.

जॉबवर खडूनं लिहायची पद्धत मीच तुला लावली. शाळेत जायच्या आधीपासनं तू दुकानात खडू घेऊन फिरायचीस आणि दिसंल त्या बीडावर 'पास' लिहायचीस. चार वर्षांत तुझं अक्षर पहिल्यांदा बघिटलं, आणि ते असलं. त्या दिवशी मी जेवलो न्हाय. तुझी आई म्हणाली, "साकु आता. पुरे झालं. ती होडी हाय, उसाची ट्रॉली न्हाय. मागनं वजनानं दबली की शिडात वारं भरून काय उपयोग?" हे असलं तिला कधीपासनं कळाय लागलं, मला म्हाईत न्हाय.

दुसऱ्या दिवशी मी ॲल्युमिनियमची नळी आणली. कोल्हापुरात कुणी मला कधी हलकं करून मागितलेलं न्हाय बघ. हितं जे काय करायचं ते नातवापर्यंत टिकायला पायजे, हा हिशोब. हलकं आणि तरी दणकट करायचं म्हंजे डोकं लागतंय. तीनदा वाकवली, दोनदा मोडली. पण झाली. एका हातात धरून मी ती गल्लीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत फिरवून आणली, सगळ्यांना बघू दे म्हणून.

तू पाठवलेली दोर ओढायची दोन्ही विंचं पण सोबत हायेत. आतले दाते झिजलेले, ते नवीन पाडले. आता तू करंगळीनं शीड ओढशील.

भीमाप्पा

ता.क. हे पत्र टाकायचं राहिलं आणि तेवढ्यात तुझा निरोप आला. चौकट बघून तू म्हणालीस म्हणून आईनं सांगिटलं, 'चालंल'. नुसतं चालंल? बरं.


६ सप्टेंबर

भूमिका,

शाफ्ट आणि पंखा मिळाला. शाफ्ट सरळ केला, पंख्याची पाती तोलून घेतली. आता फिरंल तेव्हा होडीतलं भांडंसुद्धा वाजणार न्हाय.

एक गोष्ट बघून मात्र मला लाज वाटली. शाफ्टवर, पंख्याच्या अलीकडं, एक गोळा आवळून बसवलेला हुता. पार कुजलेला. भोकं पडलेली, अर्धा झडलेला, पांढरी भुकटी सुटलेली. असलं दळभद्री काम कुणी करून ठेवलतं कुणास ठाऊक. त्या गोव्याच्या म्हाताऱ्यानंच केलं असणार. काढून भंगारात टाकला.

त्या जागी मी पितळेची कडी केली हाय. दोन अर्धी, चार स्क्रूनं जुळणारी, जुळली की सांध्यात नख जाणार न्हाय. तुझ्या लेथवर केली. वर बारीक अक्षरात आपलं नाव खोदलं, 'भीमाप्पा आणि कन्या, कोल्हापूर'. मग तुझ्या आईकडनं चिंच घेऊन घासली. सोन्याची म्हणून सराफात ठेवली तर गिऱ्हाईक लागंल. गुंडू म्हणाला, पाण्याखाली कोण बघणार हाय? मी म्हटलं, मासे बघतील. आणि कुणी बघू दे न्हायतर न बघू दे, माझ्या पोरीच्या होडीला कुजका गोळा असणार न्हाय.

आई सांगती की ठेप्यांवरनं होडी महिनाअखेरीला पाण्यात उतरणार. तिला नारळ आणि हळदकुंकू पाठवायला सांगिटलंय. माझं काय म्हणणं न्हाय.

खरं सांगू का, मला रात्रीची झोप लागत न्हाय. लेथवर तुझा हात कसा चालायचा ते मी बघिटलंय, तवा तुझ्या हाताची काळजी न्हाय. समुद्र मी बघितलेला न्हाय तुझ्यासारखा. पंचगंगेच्या घाटावर बुडी मारणारा माणूस मी. पण माझ्या हातनं गेलेली एकपण वस्तू तुला दगा देणार न्हाय, एवढं लक्षात ठेव आणि बिनघोर जा.

भीमाप्पा


३ ऑक्टोबर

भूमिका,

शब्द मोडला. तू फोनवर ऐकलंसच. पण तुझ्या बाजूला नुसता आवाज आला, हिकडं काय काय झालं ते तुला माहीत न्हाय, म्हणून लिहितोय.

खंडेनवमी हुती. तुला माहीत हाय, त्या दिवशी आपल्याकडं हत्यार चालवत न्हाईत. सगळी मशिनं धुऊन पुसून, झेंडू लावून, नारळ फोडून मी बसलोतो. तुझ्या लेथला मोठा हार. पाने, ड्रिल, कानशी, सगळं पाटावर मांडलेलं. दुकान चकाचक आणि मी बिनकामाचा. तुझी आई बहिणीकडं नृसिंहवाडीला गेलती, आणि फोन हितंच चार्जिंगला विसरून.

तेवढ्यात गुंडूकडं एक पावणं आलं. रत्नागिरीचा ट्रॉलरवाला, पंपाचं काम घेऊन. गुंडूनं त्याला सांगिटलं, आज काम न्हाय, प्रसाद घ्या. दोघं चहा पीत दारात उभे हुते आणि मी पण गेलो. गुंडूचं दार वाऱ्यानं आपटतंय म्हणून त्यानं खाली एक वजन लावलतं. पावण्यानं ते पायानं उलटं केलं आणि विचारलं, "हे जस्त इथं कुठून आलं?"

तो तुझा गोळा हुता. गुंडूनं माझ्या भंगारातनं उचललेला.

मी म्हटलं, "पावणं, कुजलाय तो. काढून टाकला आणि चांगली पितळेची कडी बसवली." मोठ्या तोऱ्यात सांगिटलं. त्या माणसानं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "मालक, तो कुजण्यासाठीच असतो. खारं पाणी धातू खातं. त्याला खायला म्हणून जस्त द्यायचं. जस्त खात बसलं की ते बाकीच्याला तोंड लावत नाही. हे संपलं की दुसरं बसवायचं. हे नसलं तर पाणी पंखा खाणार, शाफ्ट पोखरणार. वरून काही दिसत नाही, आणि भर समुद्रात पंखा गळून पडतो."

भूमिका, होडी आठवड्यापूर्वी पाण्यात उतरलेली. सगळ्या दुनियेला सांगत फिरलो मी त्या कडीचं. आयुष्यभर एकच शिकलो, की झिजलेलं दिसलं की काढून टाकायचं आणि न झिजणारं बसवायचं. झिजायलाच बसवलेली वस्तू मला कधी भेटलीच नव्हती.

मी दुकानात आलो. वाटलं, आत्ता जस्ताचा गोळा ओततो आणि गाडी काढतो. पण हत्यारं पूजेला. हार घातलेल्या लेथला हात लावायचा न्हाय. पत्र लिहावं तर ते कधी पोचणार. तुझी आई असती तर भिंतीकडं बघून बोललो असतो, ती पण न्हाय. हात बांधलेले, आणि तोंड मी चार वर्षांपूर्वी बांधलेलं.

घरी गेलो. तुझ्या आईचा फोन उचलला. तिनं तुझ्या नावापुढं होडीचं चित्र लावलंय, तेवढं दाबलं.

तू म्हणालीस, "हां अव्वा, बोल की."

तू परत म्हणालीस, "अव्वा? ऐकू येतंय का?" मागं पाणी वाजत हुतं, कसलीतरी दोरी खांबावर आपटत हुती. लई दिवस न चालवलेलं इंजिन कसं, तसं झालतं माझं. मग एकदाचं तोंडातनं निघालं, "जस्त."

चार वर्षांनी बापानं पोरीशी पहिला शब्द बोलावा तर तो 'जस्त'. 'बाळ' न्हाय, 'कशी हाईस' न्हाय. जस्त.

मग लई बारीक आवाजात तू म्हणालीस, "अप्पा?"

मी म्हटलं, "त्या कडीचं चुकलं माझं. जस्त पायजे तिथं. होडी बाहेर काढ." आणि तू रडायला लागलीस, का हसायला, मला फोनवर कळलं न्हाय. म्हणालीस, "बसवलंय अप्पा. उतरवायच्या आधीच नवं जस्त बसवलंय. मला माहीत हुतं तुम्ही ते काढून टाकणार. तुम्हाला कुजलेलं बघवतंय व्हय?"

एवढं ऐकलं आणि मी दारातल्या पायरीवर बसलो. त्याच पायरीवर, जिथं उभा राहून मी गल्लीला ऐकवलतं. समोरच्या संयोगिताकाकू धुणं वाळत घालत हुत्या, त्या थांबून बघायला लागल्या. बघू दे म्हटलं. मी रडत हुतो ते पण बघू दे.

नंतर गुंडूला सांगायला गेलो तर तो आधीच सगळं जाणून. तेव्हा त्यानं तोंड उघडलं. म्हणाला, "भीमाप्पा, इंजिन पाठवताना तुझ्या पोरीनं मला फोन केलता. म्हणाली, काका, खोका आत नेऊ नका. दारात ठेवा, अप्पांच्या समोर. आणि पाना चुकीचा घ्या." म्हंजे तो नट त्यानं मुद्दाम गोल केला. मला राग यायला पायजे हुता. पण मी त्याला पेढे दिले. असलं डोकं कुणाचं असणार, माझ्याच पोरीचं की.

दसऱ्याला पेंटर बोलावला आणि पाटी नवी रंगवून घेतली. नाव तेच. खाली एक ओळ वाढवली, 'येथे समुद्रातील होड्यांची कामे खात्रीने केली जातात'. कोल्हापुरात. गल्ली हसतीय, पोटभर हसू दे. कुणी विचारलं, कन्या कुठाय, तर आता मी खरं सांगतोय. माझी पोरगी एकटी शिडाची होडी घेऊन समुद्रात चालली हाय, आणि तिचं इंजिन कोल्हापूरचं हाय.

परवा सकाळी तुझ्या आईला घेऊन निघतोय. सोबत जस्ताचे चार गोळे ओतून आणतोय, वाटेत बदलायला. एकदम साधे, पॉलिश न केलेले. पितळेच्या कडीचं मी तुला विचारलंच फोन ठेवताना, भंगारात टाकलीस का म्हणून. तू म्हणालीस, सुकाणूचा दांडा टोकाला घासून बारीक केला आणि तिथं बसवलीय, दिवसभर हात तिच्यावरच असतोय. मग मी भीत भीत विचारलं, लई जड झाली न्हाय न्हवं?

तू म्हणालीस, "जड हाय, अप्पा. पण ऱ्हाऊ दे."

तेवढं वाक्य मी लेथवर खडूनं लिहून ठेवलंय.

तुझा
अप्पा